अर्धं गाव फडात

“आजी, सगळे चिंचोके एकाच चित्रावर?” मी विचारलं.

“मग कुठं ठिवू? तुमीच म्हनलात ना, जे आधी पाह्यजे तिथं ठिवा.” ठकूबाई नागरगोजेंनी रिकामा हात पदराला पुसला आणि मागे सरकून पाराला टेकून बसल्या.

बोरजाईच्या मारुतीच्या पारासमोर आम्ही जमिनीवर गावाचा नकाशा काढला होता. रांगोळीने रस्ता, गेरूने घरं, निळीने डोंगराखालची बारव. नकाशाशेजारी चार चित्रं मांडली होती: नळ, डांबरी रस्ता, दवाखाना, आणि मुलं शाळेतच राहतायत, तिथेच जेवतायत असं एक. प्रत्येकाच्या हातात मूठभर चिंचोके द्यायचे आणि जी गरज आधी वाटते तिथे ठेवायला सांगायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही मत देता यावं म्हणून ही पद्धत. डोंगरपट्ट्यातली गावं कशी जगतात, त्यांना काय कमी पडतं आणि आधी कशाला हात घालावा, हे गावांनाच विचारून ठरवायचं, असं ते सर्वेक्षण होतं. प्रत्येक गावाचं एकच काम पहिल्या क्रमांकावर जाणार होतं. बाकीची कधी होतील ते देवाला ठाऊक.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा समाजकार्याचं शिक्षण संपवून नुकताच कामाला लागलो होतो. आमच्या पथकाच्या प्रमुख होत्या अनसूया गव्हाणे. आधी आरोग्य खात्यात होत्या, मग इकडे आलेल्या. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, बोलायला सावकाश. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो.

ठकूबाईंचे चिंचोके शाळेच्या चित्रावर होते. मला नवल वाटलं, कारण सकाळी गावात शिरताना मी त्यांनाच बारवेवरून वर येताना पाहिलं होतं. डोक्यावर घागर, कमरेला कळशी, थांबत थांबत, दम खात. मला वाटलं होतं, या बाईला दुसरं काही सुचणारच नाही.

“पाणी नको का आजी?”

“पान्याचं काय, जितकं लागतं तितकं आनते मी. एकल्या जिवाला किती लागतं?” त्या म्हणाल्या. “लेकरं हितं ऱ्हायला पाह्यजेत. दिवाळी झाली की आईबापाबरूबर ऊस तोडाया जात्यात. पाडव्याला येत्यात तवर अर्धी शाळा बुडालेली. माझी नात आरती, लई हुशार हाय वो. तिकडं पाचटाच्या कोपीत बसून भावाला सांभाळती.”

“तुमच्याजवळ नाही ठेवता येत?”

“तीन लेकरांच्या भाकरी ह्या हातानं व्हत न्हाईत आता. अन् आजारी पडलं एकादं, तर मी कुठं घिऊन पळू?”

एकेक म्हातारं माणूस पुढे येत गेलं. चिंचोके शाळेवरच पडत गेले. रस्त्यावर थोडे, दवाखान्यावर थोडे, नळावर तर जवळजवळ नाहीतच. दुपार कलायच्या आत काम आटोपलं. इतका सरळ निकाल कुठल्याच गावात लागला नव्हता. मी चित्रं गोळा करायला लागलो.

बाई मात्र नकाशापाशीच उभ्या होत्या.

“कुलथे, इथे जमलेल्यांत तरुण माणूस कोण होतं?”

मी आठवून पाहिलं. “दुकानदार. आणि ते पायानं अधू असलेले गृहस्थ.”

“आणि बाकीच्या घरांना कुलपं. गाव गावात नाहीच आहे. आपण कुणाला विचारलं मग?”

“बाई, जे हजर असतात त्यांनाच विचारतो आपण. सगळीकडे तसंच केलंय.”

“हो, सगळीकडे तसंच केलंय,” त्या म्हणाल्या आणि दुकानदाराकडे वळल्या. “तुमच्या गावची ऊसतोडीची टोळी यंदा कुठल्या भागात आहे?”

संध्याकाळी त्यांनी पारावरूनच खैरनार साहेबांना फोन लावला, कारण गावात मोबाइलला रेंज मिळायची ती तेवढ्याच जागी. खैरनार साहेब नियोजनाचं काम बघायचे. सगळे अहवाल त्यांच्याकडे जमायचे. पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण बाईंची उत्तरं ऐकू आली. “नाही, गाडी नको, एसटी आहे.” मग बराच वेळ ऐकणं. मग, “रजा टाकते सर. रजेवर कुठे जायचं ते माझं मी ठरवीन.” फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

मी गेलो. त्यांना एकटीने जाऊ देणं बरं दिसलं नसतं, आणि खरं सांगायचं तर काय होतंय ते मला बघायचंही होतं.

उसाचा फड कृष्णाकाठी होता. पहाटे एसटी बदलून, मग एका दूधवाल्याच्या टेम्पोतून आम्ही पोचलो. आमच्या डोंगरातून आलेल्या माणसाला तो मुलूख परका वाटतो. जिकडे बघावं तिकडे हिरवं, पाटाला पाणी, आणि त्या हिरव्याच्या कडेला पाचटाच्या कोप्यांची रांग. कोप्यांसमोर लहान मुलं खेळत होती. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्याला कडेवर घेऊन चूल फुंकत होती. तीच आरती असावी असं मला वाटलं, पण तसल्या मुली तिथे बऱ्याच होत्या.

फडात कोयते सपासप चालले होते. पुरुष ऊस तोडून मागे टाकत होते, बाया पाला काढून मोळ्या बांधत होत्या. आम्ही बांधावर उभे राहिलो तसा एकजण लगबगीने आला. गळ्यात गमछा, हातात मोबाइल. बोरजाईच्या टोळीचा मुकादम, महारुद्र बडे.

“कुठून आलात?”

बाईंनी सांगितलं. गावात बैठक झाली, आता इथे दोन शब्द विचारायचे आहेत.

“मॅडम, राग मानू नका,” तो म्हणाला. “ट्रक उभा हाय. दिवस मावळायच्या आत भरून द्यायचाय. आमी टाइम चुकवला की कारखान्यावर नंबर मागं पडतो, मग उद्याचाबी घोळ. एका मानसाचा हात थांबवता येत न्हाई मला.”

“तुमचं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “हात नाही थांबवत. हात चालू ठेवून बोलता येईल ना?”

“बोलतील की. पर तुमी बांधावर, त्या फडात. वरडून बोलनार का?”

बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि फडात उतरल्या. सगळ्यात जवळच्या बाईपाशी जाऊन म्हणाल्या, “मोळी कशी बांधायची ते दाखव. मी चुकले तर सोडून पुन्हा बांध.”

ती बाई हसायला लागली. तिशीच्या आतली, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, अंगावर साडीवरून नवऱ्याचा जुना सदरा. “अवो, कापतंय त्ये. उसाचं पान म्हंजी ब्लेड हाय.”

“तुला नाही कापत?”

“आमाला सवय झालीय.”

ती सत्यभामा. ठकूबाईंची सून. ते आम्हाला नंतर कळलं.

मीही उतरलो. माझ्या मोळ्या ट्रकपर्यंत पोचायच्या आधीच सुटायच्या. सत्यभामाचा नवरा आश्रुबा त्या पुन्हा आवळून द्यायचा. बाईंची पहिली मोळी वाकडी झाली, दुसरी बरी झाली, मग त्या मागे पडेनाशा झाल्या. थोड्या वेळात त्यांच्या हातांवर लाल रेघा उमटल्या. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. प्रश्नही विचारला नाही. नुसत्या ऐकत होत्या. बाया आधी आपापसात बोलल्या, मग बाईंशीही बोलायला लागल्या. गरोदरपणातही मोळी कशी उचलावी लागते ते एकीने सांगितलं. कोपीत साप निघाला त्याची गोष्ट निघाली. दुपारच्या भाकरीला त्यांनी बाईंना ओढून आपल्यात बसवलं आणि ठेचा वाढला.

तिथे बाईंनी चित्रं काढली. चार दगडांखाली चार चित्रं. चिंचोके नव्हते, म्हणून उसाच्या पेरांचे तुकडे घेतले.

“गावात एकच काम आधी होणार असेल तर कुठलं?”

सत्यभामाने क्षणभरही विचार केला नाही. तुकडा नळावर ठेवला. तिच्यामागून दुसरीने, तिसरीने. पुरुष आले, त्यांनीही नळावरच ठेवले.

माझ्या तोंडून निघून गेलं, “पण तुम्ही तर सहा महिने तिथे नसताच.”

“आमी नसतो,” सत्यभामा म्हणाली. “आत्याबाई असत्यात, माझी सासू, ठकूबाई. मागल्या साली बारवंच्या पायरीवर पडल्या. सकाळी पडल्या ते उन्हं वर आली तरी तिथंच. गुराख्यानं बघितलं म्हनून. त्यांनी सांगितलं नसंल तुमाला.”

“नाही सांगितलं,” बाई म्हणाल्या.

“मलाबी न्हाई सांगितलं. दुकानदाराच्या बायकोकून कळलं. इच्यारलं तर म्हनल्या, पाय मुरगाळला जरा.” तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला. “रोज सकाळी कोयता हातात घेतला की माझ्या मनात येतं, आता त्या बारवंवर निघाल्या असतील.”

“आणि मुलांचं? आरतीची शाळा?”

“लेकरं डोळ्यापुढं हायेत माझ्या. कशीबी हायेत, पर डोळ्यापुढं हायेत. म्हाताऱ्या मानसाकडं कोन बगतं? नळ दारात आला तर मला तिकडची काळजी न्हाई.”

बाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग त्यांनी काल पारावर काय झालं ते सांगितलं. सगळ्या म्हाताऱ्यांनी शाळेवर चिंचोके ठेवले. ठकूबाईंनी तर एकही दुसरीकडे जाऊ दिला नाही. एकल्या जिवाला पाणी किती लागतं, म्हणाल्या.

आश्रुबाने तोंड फिरवलं आणि उगाच कोयत्याची धार अंगठ्याने तपासली. सत्यभामाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला रागही आला.

“त्यांना काय कळतं? मरतील एक दिवस त्या पायरीवर.”

मागे महारुद्र उभा होता. तो कधी आला ते आम्हाला कळलं नव्हतं. “माझी आई व्हती का तिथं?” त्याने विचारलं. “कौसाबाई. जाड भिंगाचा चष्मा हाय तिला.”

“होत्या,” बाई म्हणाल्या. “त्यांनीही शाळेवरच ठेवले.”

“आमच्या घरात ल्हान लेकरू न्हाई,” महारुद्र म्हणाला. “माझी दोन्ही पोरं मोठी झाली. कोनासाठी ठिवले तिनं?”

तो ट्रककडे बघत राहिला, मग त्याने मोबाइल बाईंच्या पुढे धरला. “दिस मावळल्यावर लावा फोन. दुकानदाराला म्हनावं, समद्यांना पारावर बोलीव. आमीबी समदे कोपीपाशी बसतो. पर ट्रक भरल्याबिगर न्हाई.”

ट्रक भरला. बाईंनी शेवटच्या मोळीपर्यंत काम केलं.

दिवस बुडताना कोप्यांसमोर शेकोटी पेटवून सगळे बसले. फोनचा आवाज मोठा करून तो पालथ्या घमेल्यावर ठेवला. पलीकडे बोरजाईचा पार होता. आधी नुसता गलका झाला, जो तो आपल्या माणसाचं नाव घेऊन हाका मारत होता. मग बाईंनी सगळ्यांना शांत केलं. “दोन्हीकडची मतं वेगळी आलीत. एकच काम आधी होईल. मी ठरवणार नाही. तुम्ही बोला.”

“आत्याबाई,” सत्यभामा म्हणाली, “तुमी बारवंवर पडला व्हता का न्हाई?”

पलीकडून ठकूबाईंचा आवाज आला. “कोन म्हनलं?”

“कोनबी म्हनलं. पडला का न्हाई?”

“पडले. उठलेबी. तू तुझं काम कर. लेकरं शाळंत घाल माझी.”

“लेकरं माझीबी हायेत. आधी नळ यिऊ द्या.”

“नळ आला अन् घरात लेकरू न्हाई, तर त्या पान्याचं करू काय मी? अंगावर वतून घिऊ?” ठकूबाईंचा आवाज चढला. “तुझ्या नवऱ्याला मी असंच फडात वाढवला. त्याला सही येत न्हाई. ते आता आरतीच्या वक्ताला नगं.”

आश्रुबा खाली बघत होता. इकडून दुसऱ्या कोणीतरी आपल्या बापाशी वाद घालायला सुरुवात केली, तिकडून तिसरी म्हातारी आपल्या मुलाला दटावायला लागली. मी गावकीची भांडणं पुष्कळ बघितली होती, बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून. प्रत्येकजण दुसऱ्याच्या वाट्याला जास्त यावं म्हणून हटून बसलाय, असं भांडण मी त्याआधी बघितलं नव्हतं. बाई शेकोटीच्या पलीकडे गुडघ्यांना मिठी मारून बसल्या होत्या. ओरखडलेले हात त्यांनी पदरात घेतले होते. एकदाही मध्ये पडल्या नाहीत.

गलका जरा ओसरल्यावर महारुद्र पुढे सरकला. “आये, ऐकू येतंय का?”

“येतंय,” एक बारीक आवाज आला.

“आपल्या घरात लेकरू न्हाई. तू पानी का न्हाई मागितलं?”

“गावात लेकरू नसलं की करमत न्हाई रं,” कौसाबाई म्हणाल्या. “दिस जात न्हाई. अन् लेकरं शाळंत ऱ्हायली तर त्यांना पानी लागंलच की. त्यांना काय कोरडं ठिवनार हाय का सरकार? शाळंपतुर नळ आनावाच लागंल. शाळंच्या भिंतीतून एक तोटी भाईर काढा म्हनावं, झालं. आमी तिथून भरू. तिथवर चढ न्हाई.”

सत्यभामा फोनकडे बघत होती. “अन् लेकरांच्या भाकरी?” तिने विचारलं. “कोन करनार?”

“आमी हाय ना,” ठकूबाई म्हणाल्या. “एकलीच्यानं व्हत न्हाई म्हनले मी. दहाजनी मिळून व्हत न्हाई, असं म्हनले का?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी पुढे त्यांच्याबरोबर काम केलं तेवढ्या काळात पुन्हा बघितला नाही.

खैरनार साहेबांनी मात्र अहवाल परत पाठवला. शाळा एका खात्याची, पाणी दुसऱ्या खात्याचं, पहिल्या क्रमांकावर काम एकच लिहा. बाई त्यांच्या दालनात गेल्या तेव्हा मी सोबत होतो.

“सर, काम एकच आहे,” त्या म्हणाल्या. “मुलं राहणार असतील तर पाणी लागेल.”

“गव्हाणे बाई, तुम्ही दोन गोष्टी एका ओळीत बसवताय.”

“मी नाही बसवल्या. गावानं बसवल्यात. तुम्हीच त्यांना विचारा.” त्यांनी दुकानदाराचा नंबर लावून फोन साहेबांच्या हातात दिला. आम्ही आधी कळवून ठेवलं होतं, तेव्हा ठकूबाई पारावर बसूनच होत्या. साहेब पहिल्यांदा नियम सांगत होते. हळूहळू त्यांचं बोलणं कमी होत गेलं. शेवटी शेवटी ते नुसतं “हो आजी, हो आजी” एवढंच म्हणत होते. फोन परत देताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “पाणी खात्याशी मी बोलतो. पण वेळ लागेल.”

वेळ लागलाच. वसतिगृह पुढच्या दिवाळीला सुरू झालं. शाळेच्या दोन खोल्या, सतरंज्या, एक मोठी चूल. नळ त्यानंतरच्या उन्हाळ्यात आला. तोवर शाळेत टँकर यायचा आणि भिंतीबाहेर ठेवलेल्या पिंपातून म्हाताऱ्या पाणी भरायच्या. बाईंची मात्र वसतिगृह सुरू होण्याआधीच दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती.

वसतिगृह सुरू झालं त्या दिवाळीला टोळी निघायच्या दिवशी मी बोरजाईला होतो. दरवर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या आणि लेकरं एकत्रच भरली जायची. त्या दिवशी लेकरं खाली उभी होती. सत्यभामा कडेवरच्या शेंडेफळाला घेऊन ट्रॉलीत चढली, मग उतरली, आरतीची वेणी सोडून पुन्हा घातली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. महारुद्रने ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं आणि बांधावर जाऊन तंबाखू मळत बसला. कोणाला घाई केली नाही. अखेर ठकूबाईच म्हणाल्या, “चढ आता. हायेत ती माझ्यापाशी.” ट्रॉली वळणाआड गेली तरी आरती रडली नाही. तिच्याशेजारी उभ्या असलेल्या मधल्या भावाने भोकाड पसरलं.

संध्याकाळी शाळेमागच्या चुलीपाशी गेलो तर म्हाताऱ्या ओळीने भाकरी थापत बसल्या होत्या आणि त्यांच्यात बाई होत्या. एसटीने आल्या होत्या, कोणाला न कळवता. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. वसतिगृह बघायला जिल्ह्याहून एक नवे अधिकारी आले होते. त्यांनी धुरातून डोळे बारीक करून त्या एकट्या उंच, शहरी नेसणीच्या बाईकडे बघितलं आणि ठकूबाईंना विचारलं, “या कोण? कुठल्या संस्थेच्या आहेत का?”

“ही व्हय?” ठकूबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. “संस्थेची कशाला असंल? आमच्या टोळीतली हाय. माझ्या सुनंबरूबर मोळ्या बांधत व्हती.”

बाईंनी काही खुलासा केला नाही. त्यांच्या पुढ्यातली भाकरी उलटायची झाली होती.